दवंडी, लाल दवा आणि लाल कार्ड

३१ मार्च १९५१ रोजी जुन्या मध्य प्रदेशातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, कायद्यानं संपली. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता आणि राजधानी नागपुरात. मालगुजारी गेल्यावर शेतजमिनीचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पाण्याचं काय झालं, याची चौकशी त्या मानानं कमी झाली. त्या तारखेपर्यंत तलावाची पाळ खचली तर कोणाच्या वाड्यावर जायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यानंतर तलाव सरकारचा झाला. सरकार तुमसरला, भंडाऱ्याला, नागपूरला बसत होतं. पाळ खचल्यावर तिकडे अर्ज करायचा, एवढं गावाला कळलं. तो अर्ज कोणाच्या नावानं करायचा, हे कळायला काही पिढ्या गेल्या.

उदाहरणाला नाकाडोंगरी घ्या. हे गाव तुमसर तालुक्याच्या उत्तर अंगाला आहे. एका बाजूला जंगल, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, आणि बावनथडी नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा, म्हणजे दुसरं राज्य. पावसाची या भागात वानवा नाही. धानाचा मुलूख आहे, वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस सहज पडतो. तरीही वैशाखात बाई डोक्यावर गुंड घेऊन रानातून येताना दिसते. मराठवाड्याच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. त्याच्या हिशेबात टंचाई म्हणजे पाऊस न पडणं. इथला प्रश्न वेगळा आहे. पडलेलं पाणी कठीण खडकावरून वाहून जातं, उरलेलं उथळ विहिरीत साचतं, आणि उथळ विहिरीत पाण्याबरोबर आणखी काय काय उतरतं, त्यावर गावाचा पावसाळा कसा जाणार ते ठरतं.

जुनी व्यवस्था डोळसपणे पाहायला हवी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात मालगुजारी काळातले साडेसहा हजारांवर तलाव होते. कोहळी समाजाच्या जाणकारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि राखले. सरकारदरबारी आता त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक सुटसुटीतपणे ‘मामा तलाव’. हे तलाव धानासाठी होते, गुरांसाठी आणि धुण्याभांड्यासाठी होते. शहाणं गाव प्यायला तलावाचं पाणी घेत नसे. पाळीच्या खालच्या अंगाला विहीर खणायची, तलावाचं पाणी मातीतून झिरपत तिच्यात उतरायचं, आणि पाळ नकळत गाळणीचं काम करायची. नदीकाठच्या टोल्यांवर उन्हाळ्यात वाळूत झिरा करून वाटीवाटीनं पाणी भरत. कोणी कुठून पाणी घ्यायचं, गुरं कुठं न्यायची, हे निस्ताराचे हक्क म्हणून गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या रिवाज-नोंदीत लिहिलेलं असे. वाचायला हे फार गोड वाटतं. पण त्याच गावात दलित वस्तीची विहीर वेगळी असे आणि बहुधा उताराला असे, म्हणजे साऱ्या गावाची घाण जिकडे वाहते तिकडे. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं गेलं, तेव्हा प्रश्न माणुसकीचा होता. तो पटकीचाही होता, हे आपण सहसा बोलत नाही.

पटकी म्हणजे कॉलरा. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले आणि दोन्हींच्या पाठोपाठ पटकी आली. उपाशी माणसं दुष्काळी कामांवर गोळा होत, एकाच खड्ड्यातलं पाणी पीत, आणि रोग तिथून घरोघर जाई. तोवर विज्ञानाला मूळ सापडलं होतं. १८८४ मध्ये रॉबर्ट कोखनं कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू दाखवून दिला होता. पण कलकत्त्याची ही बातमी या जंगलपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, पोचायला माणूस हवा होता आणि सरकारजवळ गावात एकच माणूस होता, कोतवाल. जन्म-मृत्यूची नोंद ठाण्यावर नेऊन देणारा तोच, साथीची खबर नेणारा तोच, आणि परतताना हुकूम आणणाराही तोच. गावातली पाण्याबद्दलची पहिली जाहीर सूचना कागदावर आलीच नाही. ती त्याच्या दवंडीतून आली. अमक्या विहिरीचं पाणी पिऊ नका, पाणी उकळून प्या. ऐकून लोक घरात जात आणि त्याच विहिरीवर येत, कारण दुसरी विहीर नव्हती. पाणी उकळायला सरपण लागतं, आणि जंगल राखीव झाल्यापासून त्याचीही पंचाईत होती.

मग आली लाल दवा. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन या आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञानं १८९०च्या दशकात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. जांभळट खडे बादलीत विरघळवून विहिरीत ओतायचे. पाणी गुलाबी होई आणि रंग उतरेपर्यंत ते कोणी पीत नसे. परमँगनेट पटकीचा जंतू मारतं, बाकीच्या पुष्कळ जंतूंवर त्याचा फारसा असर नाही, त्यामुळे पुढे वैद्यकशास्त्रानं ते सोडून दिलं. तरी एक गोष्ट त्या औषधानं साधली. विहिरीनं स्वतःच रंग बदलून सांगितलं की आज माझं पाणी पिऊ नका. निरक्षर गावाला समजेल अशी एवढी स्पष्ट सूचना त्यानंतर बराच काळ कोणाला जमली नाही. परमँगनेट हा मँगनीजचाच क्षार. ज्या पट्ट्यातून मँगनीज गाडी भरभरून बाहेर जात होतं, तिथल्या विहिरींत ते पुडीतून परत येत होतं.

खाणीची गोष्ट इथं थोडी सविस्तर सांगायला हवी. मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी १९००च्या सुमारास सुरू झाल्या. डोंगरी बुजुर्ग, चिखला या तुमसर तालुक्यातल्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. इंग्रजी कंपनीचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, कामगारांच्या तोंडी सीपीएमओ. १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं आणि ही कंपनी मिळून मँगनीज ओअर इंडिया उभी राहिली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली, तीच आजची मॉयल. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी नावाजलेलं.

खाण आली तसा खाणीचा कायदाही आला. १९५२च्या खाण अधिनियमाचं १९वं कलम पिण्याच्या पाण्याचं होतं. कामावरच्या सगळ्यांना पुरेसं, थंड आणि आरोग्याला चांगलं पाणी सोयीच्या जागी ठेवायचं. त्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असं ठळक लिहायचं. आणि धुण्याची जागा, मुतारी, संडास यांच्यापासून ती जागा ६ मीटरच्या आत असता कामा नये. तीनच अटी, पण शंभर वर्षांच्या साथींचं शहाणपण त्यांत आलंय. पाणी हवं, ते कोणतं हे लिहिलेलं हवं, आणि घाणीपासून लांब हवं. हे पाळलं जातं की नाही हे पाहायला खाण-निरीक्षक होता आणि न पाळल्यास दंड होता.

आता पाळी संपवून सायकलवर गावाकडे निघालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. कामाच्या जागी त्याच्या पाण्याला कायद्याचं संरक्षण होतं आणि वर पाटी होती. फाटक ओलांडून तो घरी पोचला की त्याची बायको ज्या विहिरीवरून पाणी आणत होती तिच्यावर पाटी नव्हती, ६ मीटरचा नियम नव्हता, निरीक्षक नव्हता. मजूर म्हणून त्याला जे पाणी मिळायचं, ते गावकरी म्हणून मिळत नव्हतं. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे फाटकाच्या आतली ती पाटी बाहेर आणण्याची खटपट आहे, असं मला वाटतं. खटपट अजून चालू आहे.

बाहेरच्या बाजूला काय चाललं होतं? १९५४ मध्ये राष्ट्रीय पाणीपुरवठा कार्यक्रम जाहीर झाला आणि बराचसा शहरांकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ला भंडारा मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका दशकात गावानं तीन राज्यांचे शिक्के पाहिले. जुनी दप्तरं नागपुरात, नवे हुकूम मुंबईहून, आणि विहिरीचा गाळ जिथल्या तिथं.

१९७२च्या दुष्काळानं राज्याला हलवलं. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि केंद्राचा गतिमान ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम आला. आता गावांची मोजणी सुरू झाली. ज्या गावाला १.६ किलोमीटरच्या आत किंवा १५ मीटर खोलीच्या आत पाणी नाही ते समस्याग्रस्त. ज्याच्या पाण्यात क्षार, लोह, फ्लोराइड जास्त किंवा ज्याच्या पाण्यातून पटकी आणि नारू होतो तेही समस्याग्रस्त. या व्याख्येनं पहिल्यांदाच वाईट पाणी आणि नसलेलं पाणी एका रांगेत बसवलं. माणशी रोज ४० लिटर आणि २५० माणसांमागे एक हातपंप, हे माप त्यानंतर वर्षानुवर्षं टिकलं.

हातपंपाला झाडीपट्टीत बोरिंग म्हणतात, बाकी महाराष्ट्रात हापशी. त्याची कथा अर्धी महाराष्ट्रातलीच आहे. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एकेका कुटुंबासाठी घडवलेल्या परदेशी पंपांच्या नकला होत्या. त्यावर सगळं गाव पहाटेपासून तुटून पडलं की दांडा मोडे, वॉशर जाई, आणि पंप शोभेला उरे. १९७०च्या दशकाच्या मध्याला देशातले बहुतेक हातपंप बंद असल्याचं पाहण्यांतून दिसलं. जालना आणि सोलापूरच्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत यावर हातानं काम करणारी माणसं होती. सोलापूर पंपाच्या घडणीशी ऑस्कर कार्लसन यांचं नाव जोडलेलं आहे. पोलादी खांब, एकच मजबूत कणा आणि दांड्याला साखळी. हाच पंप पुढं ठेवून युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडस ही कंपनी यांनी इंडिया मार्क-टू घडवला आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला.

या पंपाचं कौतुक लोक त्याच्या ताकदीसाठी करतात. मला त्याचा खालचा ओटा जास्त महत्त्वाचा वाटतो. पंप सिमेंटच्या चौथऱ्यात घट्ट बसवलेला, म्हणजे वरचं सांडपाणी पाइपच्या कडेनं परत बोअरमध्ये उतरत नाही. उघड्या विहिरीत दोर, बादली, पाय, पालापाचोळा, सगळंच जातं. बोअरला तोंडच नाही. गावात पटकी कमी झाली त्यात औषधांचा वाटा आहेच, पण या बंद तोंडाचा वाटाही मोठा आहे. शिवाय दांडा कोणाचाही हात ओळखत नाही. बोरिंग कुठल्या टोलीत मारायचं यावर भांडणं झाली, राजकारण झालं, पण एकदा ते रस्त्याकडेला उभं राहिल्यावर विहिरीच्या काठाइतकं कोणाला अडवणं सोपं राहिलं नाही.

विहिरी मात्र सुटल्या नाहीत. बोरिंग दूर असेल तर, बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून, किंवा सवयीनं लोक विहिरीवर जात राहिले. त्यांच्यासाठी नागपुरानं एक नामी युक्ती दिली. १९५८ मध्ये तिथं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तीच १९७४ पासून नीरी. तिथल्या लोकांनी दोन मडक्यांची पद्धत बसवली. लहान मडक्यात १ किलो ब्लिचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर करून भरायची. त्या मडक्याला वरच्या बाजूला भोक. ते मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं, मोठ्याला बुडाजवळ भोक. तोंड बांधून दोरानं पाण्याखाली किमान एक मीटर सोडून द्यायचं. क्लोरीन दोन्ही भोकांतून वाट काढत हळूहळू पाण्यात उतरतो आणि घरगुती विहिरीला एकदा सोडलेली मडकी दोन-तीन आठवडे पुरतात. कुंभाराकडचं मडकं, नदीची वाळू आणि आरोग्य केंद्रातली पावडर, एवढ्यावर काम भागतं.

ब्लिचिंग पावडरला सगळा सरकारी महाराष्ट्र टीसीएल म्हणतो. ती विहिरीत टाकायची रीत आजही तीच आहे. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवायचं, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली विहिरीत सोडून खाली-वर हिसडायची. साका टाकला तर पाणी जड होतं, हे जाणणारा कर्मचारी तो बाजूला फेकतो. तासाभरानं ओटी टेस्ट. काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. नळी उन्हाकडे धरून तो पिवळा पट्टीवरच्या रंगाशी ताडायचा. पाणी पांढरं राहिलं तर पावडर जुनी, कमी किंवा वहीतच टाकलेली. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. वहीत मात्र दोघांचं वजन सारखंच.

मधल्या काळात एक मोठं यश पदरात पडलं आणि विसरलंही गेलं. नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, त्याच्या पायाच्या फोडातून जंत पाण्यात अळ्या सोडतो, त्या गिळलेले सूक्ष्म पाणकिडे असलेलं पाणी दुसरा पितो आणि वर्षभरानं त्याच्या पायातून हातभर दोरा बाहेर येतो. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होतं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पायऱ्या बंद झाल्या, पाणी फडक्यानं गाळून प्या हे घराघरांत सांगितलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला नारूमुक्त ठरवलं. लस नाही, औषध नाही, नुसती पाण्याची वागणूक बदलून एक रोग गेला.

पण बंद तोंडाच्या बोअरनं नवा प्रश्न आणला. खोल खडकातलं पाणी जंतूंपासून सुरक्षित असेल, पण खडकातलं खनिज ते सोबत घेऊन येतं. भंडारा जिल्ह्याचं नाव फ्लोराइडबाधित जिल्ह्यांच्या यादीत आहे. भारतीय मानकाप्रमाणं लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढं मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि वर्षानुवर्षांनी हाडं आखडतात. मँगनीजची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर ०.३. ते जास्त असलं की पाणी थोड्या वेळानं काळपटतं, हंड्याला काळा लेप चढतो, धुतलेल्या धोतराला डाग पडतात. फ्लोराइडला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ असतं आणि हातपंपावर लाल रंग मारून ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही. पटकीची दवंडी आदल्या दिवशीच्या मरणांवर बोलत होती. ही लाल रेघ वीस वर्षांनी होणाऱ्या दुखण्यावर बोलते, आणि तेवढा दम कोणाला आहे?

मालगुजार गेल्यापासून रिकामी राहिलेली खुर्ची २०००च्या सुमारास पुन्हा गावाकडे सरकवण्यात आली. राज्यानं लोकसहभागाचं धोरण घेतलं. योजना गावानं मागायची, खर्चाचा हिस्सा गावानं उचलायचा, चालवायचीही गावानंच. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आल्या. २००६ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्याला जोडून ग्रामपंचायतींना कार्डं मिळू लागली. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्यसेवक, ग्रामसेवक आणि जलसुरक्षक प्रत्येक स्रोताची पाहणी करतात. विहिरीला कठडा आहे का, भोवती डबकं आहे का, उकिरडा किती दूर, पाइप फुटलेला आहे का, टीसीएलचा साठा आहे का. जोखीम जास्त तर लाल कार्ड, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं राहून साथ आली नाही तर चंदेरी.

ही व्यवस्था मला हुशारीची वाटते, कारण तिनं नोटिशीचा पत्ता बदलला. दवंडी बाईला सांगत होती की हे पाणी पिऊ नको. लाल कार्ड सरपंचाला सांगतं की हे पाणी लोकांना द्यायला तू जबाबदार आहेस. खाणीच्या फाटकाआतल्या कायद्यात व्यवस्थापक होता, इथं पहिल्यांदा तसं कोणीतरी नाव घेऊन उभं केलं. अर्थात सरपंचाजवळ खाणीच्या व्यवस्थापकाइतका पैसा नसतो, आणि कार्ड तालुक्याच्या बैठकीत जेवढं गाजतं तेवढं चावडीवर गाजत नाही. हिरव्या कार्डाची बातमी होते. लालचं कारण विचारायला ग्रामसभेत उठावं लागतं.

१५ ऑगस्ट २०१९ला जलजीवन मिशनची घोषणा झाली. आता माप २५० माणसांमागे एक पंप नाही. घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर. गावातल्या पाच बायकांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवायचं, असंही त्यात आहे. जंतूंसाठी एक बाटली असते. तिच्यात पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर पाणी दूषित. ही कसोटी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी मांडली होती. पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाहणाऱ्या बाईच्या हातात ते पाणी कसं आहे हे सांगायचा अधिकार यायला एवढा काळ लागला. मिशनची मुदत आधी २०२४ होती, २०२५च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली.

नळाला पाणी आणायचं तर टाकी, मोटर, वीज आणि पाणीपट्टी हे चार जण एकत्र नांदावे लागतात. पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून वीजबिल थकतं, बिल थकलं की जोडणी तुटते, आणि कोट्यवधींची प्रादेशिक योजना एका थकबाकीपायी उभी राहते. हे राज्यभरच्या गावांचं रडगाणं आहे. अशा आठवड्यांत लोक परत बोरिंगवर आणि विहिरीवर येतात. नळ आल्यावर त्या विहिरीतली टीसीएल बहुधा बंद झालेली असते, आणि त्या बोरिंगचा शेवटचा नमुना कधी गेला होता हे विचारलं तर ग्रामपंचायतीच्या कपाटातून जुनी नोंदवही काढावी लागते.